वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की माणसं काय बघतात, ते मी ३१ वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूनं पाहिलंय. जन्मतारीख अंकी-अक्षरी जुळते का, आईचं नाव बरोबर पडलंय का, जात पोटजातीसकट आली का. एवढं झालं की घडी घालून पिशवीत. त्याच कागदावर ‘अभ्यासातील प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे दोन रकाने असतात, ते कुणी वाचत नाही. बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी आधी कारकून आणि मग हेडक्लार्क होतो. हे रकाने हजारो वेळा माझ्या हातानं भरले, आणि वर्तणुकीच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द लिहिला, ‘चांगली’.

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. तरी ‘नीट’चा निकाल लागला की अंबाजोगाईतल्या माझ्या ओट्यावर लेकरं जमतात. केजची, धारूरची, वडवणीची, परळीची. कुणाला नॉन-क्रीमीलेअरची अडचण, कुणाची जात वैधता अडकलेली, कुणाला गॅपचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते हवं असतं. सगळ्यांचं विचारून झालं, चहा झाला, की एखादं लेकरू मागं रेंगाळतं. चप्पल पायात घालतं, परत काढतं, आणि हळूच विचारतं, “तात्या, अकरावीत माझी एक भानगड झालती. ते फॉर्मात लिवायचं का?”

हे लिहितोय ते त्या मागं रेंगाळणाऱ्या लेकरासाठी.

आधी मनातली भीती थोडी कमी करून घे. आपल्याकडे एमबीबीएसच्या प्रवेशात ‘तुझ्यावर कॉलेजात कधी काही कारवाई झाली का’ असा सरसकट प्रश्न विचारत नाहीत. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर आणि सीईटी सेलच्या फेऱ्यांवर होतो. पण तुझ्या वागणुकीचा मागमूस तीन-चार ठिकाणी निघतोच. एक, दाखल्यावरचा हा रकाना. दुसरं, परीक्षेतले गैरप्रकार; ‘नीट’ घेणाऱ्या एनटीएच्या माहितीपुस्तिकेत त्यांची यादीच असते आणि परीक्षेला बंदी झालेल्याला फॉर्मच भरता येत नाही. तिसरं, रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र. आणि चौथं, कॉलेजात हजर होताना तिथले लोक स्वतःचा म्हणून जो फॉर्म भरून घेतात तो. या चारांत तिसऱ्यावर मुलं सगळ्यात डोळे झाकून सही करतात, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या डॉ. राजेंद्र प्रसाद वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सिनियर मुलांच्या मारहाणीत गेला. डॉक्टर व्हायला आलेल्या पोराला डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांनीच मारलं. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम काढले आणि प्रतिज्ञापत्र आलं, एक विद्यार्थ्याचं आणि एक पालकाचं, दरवर्षी. २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही वैद्यकीय महाविद्यालयांसाठी वेगळे विनियम केले. आपल्या महाराष्ट्राचा कायदा तर त्याच्याही आधीचा, १९९९ चा. त्यात रॅगिंगचा गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि कॉलेजातून काढल्यावर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश नाही.

त्या प्रतिज्ञापत्रात एक वाक्य आहे. मराठीत सांगायचं तर असं: रॅगिंग केल्याबद्दल, त्याला चिथावणी दिल्याबद्दल किंवा त्याच्या कटात असल्याबद्दल दोषी ठरल्यावरून देशातल्या कुठल्याही संस्थेतून मला काढून टाकलेलं नाही किंवा प्रवेशास मनाई केलेली नाही, आणि हे खोटं निघालं तर माझा प्रवेश रद्द होऊ शकतो, याची मला जाणीव आहे. हे वाक्य बोट ठेवून वाच. ‘काढून टाकलेलं नाही’ आणि ‘प्रवेशास मनाई केलेली नाही’. आठ दिवस वसतिगृहातून बाहेर ठेवलं होतं, पालकांना बोलावून समज दिली होती, दंड भरला होता, तर या वाक्याखाली सही करताना हात कापायचं कारण नाही. तू खोटं बोलत नाहीस. पण शिस्तभंगाची कुठलीही कारवाई झाली आहे का, असं कॉलेजच्या स्वतःच्या फॉर्मात विचारलं असेल, तर तेच आठ दिवस तिथं लिहावे लागतात. एकच घटना, एका कागदावर तिचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्यावर ‘होय’, आणि दोन्ही उत्तरं खरी. म्हणून माझं सांगणं एवढंच की प्रश्न आधी तीन वेळा वाच, मग तुझी भानगड आठव. आपली पोरं उलटं करतात. भानगड आधी आठवतात आणि घाबरून प्रश्न वाचतच नाहीत.

विचारलेलं नसताना सगळं ओतायलाही जाऊ नकोस. एका पोरानं सातवीत मास्तरांच्या सायकलीची हवा सोडली होती, तेही लिहायचं का म्हणून विचारायला तो वडवणीहून एसटीनं आला होता. मी त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. प्रामाणिकपणाची एवढी ओढ असलेलं पोर बघून मला फार बरं वाटलं, पण फॉर्म म्हणजे काही देवापुढची कबुली नव्हे. जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, आणि त्यात मात्र काही राखून ठेवायचं नाही.

फॉर्म स्वतः भर, हे आणखी एक. अंबाजोगाईत काय, बीडमध्ये काय, प्रवेशाच्या दिवसांत नेट कॅफेत पाय ठेवायला जागा नसते. कॅफेवाला बिचारा रात्री एकपर्यंत बसलेला असतो. तुझ्यामागं वीस जण उभे. तो नाव, जात, टक्केवारी तुला विचारतो, आणि ज्या चौकटीत ‘होय’ किंवा ‘नाही’ निवडायचं असतं तिथं न विचारताच ‘नाही’ दाबत जातो. टक, टक, टक. त्याच्या मते सगळ्यांचं उत्तर ‘नाही’च असतं. मी एकदा एका मुलीबरोबर गेलो होतो आणि हे डोळ्यांनी पाहिलं. तिला म्हणलं, “माय, बोट तुझं पाहिजे.” मग तिनं माऊस आपल्या हातात घेतला. खाली ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ असं असतं आणि सही तुझी असते. कॅफेवाल्याचं नाव त्या कागदावर कुठंच नसतं.

‘इंग्रजीत होतं, कळलं नाही’ हेही पुढं चालत नाही. केंद्रीय विद्यालय संघटनेत शारीरिक शिक्षणाचे एक शिक्षक लागले होते. साक्षांकनाच्या नमुन्यात फौजदारी खटल्याबद्दल विचारलं होतं, त्यांनी ‘नाही’ लिहिलं, आणि खटला तर चालू होता. नोकरी गेल्यावर ते म्हणाले, मी हिंदी माध्यमाचा, प्रश्न समजला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते मानलं नाही. एवढ्या पदव्या घेतलेल्या माणसाला हा प्रश्न कळला नाही हे पटण्यासारखं नाही, असं म्हटलं. तो खटला पुढं सरकारने मागे घेतला होता, तरी लपवाछपवी ती लपवाछपवीच राहिली. मराठी माध्यमाच्या माझ्या लेकरांनो, हे तुमच्यासाठी सांगतोय. एखादा शब्द अडला तर गावातल्या इंग्रजीच्या सरांना विचारा. त्यात कमीपणा नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक. ती सांगितल्याशिवाय तुम्हाला काही सांगायचा मला हक्क नाही.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कॉलेजात धारूरच्या डोंगरपट्ट्यातला एक मुलगा होता. अकरावीत असताना त्यानं वर्गातल्या एकाला मारलं, त्या पोराचा हात मोडला. चौकशी झाली आणि याला अकरावीच्या वार्षिक परीक्षेला बसू दिलं नाही. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मान खाली घालून अकरावी केली, मग बारावी, आणि गुण असे घेतले की सगळं कॉलेज बघत राहिलं. दाखला न्यायला बापाला घेऊन आला. बाप त्या उन्हाळ्यात ऊसतोड संपवून कारखान्यावरून आला होता. हाताला कोयत्याचे घट्टे, मानेवर मोळीच्या खुणा. तो खिडकीशी उभा राहून फक्त एवढंच म्हणाला, “साहेब, लेकराचं वाटोळं व्हायला नको.” जनरल रजिस्टरात लाल शाईनं नोंद होती, ‘शिस्तभंग, वार्षिक परीक्षेस मनाई’. मी दाखल्यावर लिहिलं, ‘चांगली’. मुलानं ते बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्या वेळी मला वाटलं, आपण पुण्य केलं.

मुलगा डॉक्टर झाला. केंद्राच्या एका खात्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून निवड झाली. केंद्र सरकारच्या साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, शिक्षा याबरोबर हेही विचारतात की कुठल्या विद्यापीठाने किंवा शैक्षणिक संस्थेने तुम्हाला परीक्षेला मनाई केली होती का, निष्कासित केलं होतं का. त्यानं लिहिलं ‘नाही’. पडताळणीला माणूस आमच्या कार्यालयात आला, त्यानं रजिस्टर मागितलं आणि पान उघडलं. लाल शाई काही पुसट होत नाही. दाखल्यावर एक, रजिस्टरात दुसरं. मला कारणे दाखवा नोटीस आली, तिचं मला काही नाही. त्याची नेमणूक मात्र सव्वा वर्ष लटकली. खुलासे, वकील, बीडला आणि मुंबईला खेटे. शेवटी रुजू झाला, पण त्या सव्वा वर्षात त्याच्या बापानं दोन गुंठे जमीन विकली.

तो नंतर मला भेटायला आला. मला वाटलं, भांडेल. तो म्हणाला, “काका, तुम्ही तवा खरं लिहिलं असतं, तर मी बी लिहिलं असतं.” मला हे वाक्य अजून रात्री आठवतं. अकरावीतल्या त्या मारामारीची शिक्षा त्यानं एक वर्ष घालवून भोगली होती. हिशोब फिटला होता. मी त्याला शिकवलं की हे झाकायचं असतं, आणि झाकण्याची शिक्षा त्याला नव्यानं भोगावी लागली.

म्हणून कुणी म्हणालं की ‘शेरा बदलून देतो, पैसे लागतील’, किंवा ‘दुसऱ्या कॉलेजातून बारावीचा दाखला आणू, कुणाला कळतंय’, तर तिथून उठ. दाखल्यावरच छापलेलं असतं की माहिती जनरल रजिस्टरप्रमाणे आहे. रजिस्टर तुझ्यापेक्षा जास्त वर्षं जगतं. आणि डॉक्टरकी ही अशी वाट आहे की कागद परत परत उघडले जातात. एमबीबीएसचा प्रवेश, इंटर्नशिप, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, मग पीजी, मग सरकारी नोकरी. उद्या ब्रिटनमध्ये काम करायला गेलास तर तिथली जनरल मेडिकल कौन्सिल ‘गुड स्टँडिंग’चा दाखला मागते. पाच वर्षं शिकून झालं म्हणजे आता कोण विचारतंय, असंही समजू नकोस. मध्य प्रदेशातल्या व्यापम प्रकरणात २००८ ते २०१२ या काळात झालेले ६३४ जणांचे एमबीबीएस प्रवेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये रद्द केले. त्यातल्या अनेकांचं शिक्षण पूर्ण झालं होतं. त्यांचा गुन्हा परीक्षेतल्या घोटाळ्याचा, तुझ्या किरकोळ भानगडीशी त्याची तुलना नाही. उशीर झाला म्हणून जुनं पान बंद होत नाही, एवढ्यापुरतं ते ध्यानात ठेव.

दुसरी बाजूही न्यायालयाने सांगितली आहे, तीही ऐक. २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात तीन न्यायाधीशांनी नोकरीतल्या पडताळणीबद्दल नियम घालून दिले. दिलेली माहिती खरीच पाहिजे, हे पहिलं. पण कोवळ्या वयात घोषणा दिल्या, एखादा क्षुल्लक गुन्हा घडला, असं प्रकरण असेल तर नोकरी देणाऱ्याने समजुतीनं घ्यायला हरकत नाही, असंही त्यात आहे. ते सगळं फौजदारी खटल्यांबद्दल आहे, कॉलेजच्या शिस्तीबद्दल नाही. तरी त्यातली माणुसकी लक्षात घेण्यासारखी आहे. अठरा वर्षांच्या आत तुझं काही बाल न्याय मंडळापुढं गेलं असेल, तर अगदी गंभीर गुन्ह्याचे अपवाद सोडून, २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार त्यावरून तुला अपात्र ठरवता येत नाही. ते कुठं लिहायचं, कुठं नाही, हे मात्र माझ्यासारख्या कारकुनाला विचारू नकोस. अर्धा दिवस घाल, बीडच्या न्यायालयात जाणत्या वकिलाला गाठ.

आरोप झाला आणि दोष ठरला, यातही फरक आहे. मुंबईत मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची आदिवासी घरातली मुलगी, नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात पीजी करत होती. तिच्या मृत्यूनंतर तीन सिनियर डॉक्टरांवर खटला झाला. खटला चालू असतानाच ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अभ्यासक्रम पुरा करायला अटी घालून परवानगी दिली, कारण दोष ठरायचा होता. पायलच्या आईची आठवण झाली की हे लिहिताना हात जड होतो. पण कायदा असा आहे. फॉर्म ‘प्रकरण प्रलंबित आहे का’ असं विचारतो की ‘दोषी ठरलात का’ असं विचारतो, हे बघूनच उत्तर दे.

लिहायचं ठरलं की मग कसं लिहायचं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. मराठी भाषा आपल्याला लपायला फार जागा देते. ‘काच फुटली.’ ‘भांडण झालं.’ ‘त्याला लागलं.’ कुणी फोडली, कुणी भांडण काढलं, कुणी मारलं, वाक्यात माणूसच नाही. लहानपणी आईला सांगताना ही युक्ती आपण सगळे शिकतो. कपाटातला लाडूसुद्धा आपोआप ‘संपतो’. माझ्याकडं येणारं प्रत्येक पोर पहिला मसुदा असाच आणतं: ‘वसतिगृहात गैरसमजातून वाद उद्भवला व त्याची परिणती कारवाईत झाली.’ मी त्याच्या समोर पेन ठेवतो आणि म्हणतो, आता यात ‘मी’ घाल. पोर घामेजतं. मग लिहितं:

‘ऑक्टोबर महिन्यात वसतिगृहात मी माझ्या खोलीतल्या मुलाला दोन थपडा मारल्या. प्राचार्यांनी चौकशी करून मला १५ दिवस वसतिगृहातून निलंबित केले. आदेशाची प्रत सोबत जोडली आहे. मी त्या मुलाची माफी मागितली आणि त्यानंतर माझ्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.’

बस. चार वाक्यं. काय केलं, कधी, काय शिक्षा झाली, नंतर काय. ‘मी लहान होतो’ नको, ‘संगत वाईट होती’ नको, ‘सरांनी माझ्यावरच राग काढला’ तर मुळीच नको. हे वाचणारा माणूस दिवसाला शंभर कागद वाचतो. सबब त्याला वासावरून कळते. आणि खरं लिहिलेलं वाक्यही तो तितक्याच लवकर ओळखतो, हे मी खुर्चीत बसून अनुभवलंय.

आदेशाची प्रत आपल्याजवळ असलीच पाहिजे. पुष्कळ पोरांना कारवाई नेमकी काय झाली हेच माहीत नसतं. ‘काढलं होतं’ म्हणतात, आणि कागद बघावा तर त्यावर ‘समज देण्यात आली’ एवढंच असतं. कधी उलटंही. कॉलेजात अर्ज दे, प्रत माग. अनुदानित कॉलेज देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. बोर्डाच्या परीक्षेत कॉपीचं प्रकरण असेल तर आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाखाली येतो, आदेश तिथला असतो, आणि त्यावर ‘संपादणूक रद्द’ किती परीक्षांपुरती हे लिहिलेलं असतं. तोच शब्द, तीच तारीख आपल्या खुलाशात उतरव. स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नको.

आपल्या जिल्ह्याची म्हणून एक गोष्ट आहे, ती पुण्या-मुंबईच्या सल्लागारांना सुचणार नाही. दिवाळी झाली की आईबाप ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला कारखान्यावर जातात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. लहान लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ, मोठी लातूरला, बीडला खोली करून. म्हणजे अकरावी-बारावीचा जो काळ, ज्यात पोरं भांडतात, चुकतात, सापडतात, त्या सगळ्या काळात आईबाप फडात असतात. कॉलेज म्हणतं पालकाला आण. पोर कुणाला आणणार? चुलत्याला, मेसवाल्याला, एकदा तर एक जण रसवंतीवाल्याला मामा म्हणून घेऊन आला होता. हमीपत्रावर त्याचीच सही. आईबाप उन्हाळ्यात येतात, त्यांना काही माहीत नसतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पालकाच्या प्रतिज्ञापत्रावर बापाची सही पाहिजे असते. बाप काय लिहिलंय ते न वाचता सही किंवा अंगठा देतो, कारण लेकरावर विश्वास असतो. बापाला त्याच्या नकळत खोट्या कागदावर सही करायला लावू नका. फॉर्म उघडायच्या आधी, रात्री जेवणं झाल्यावर, दिवा मालवायच्या आत त्याला सांगा. ओरडेल. कदाचित मारेलही. पण उचल फेडायला सहा महिने ऊस तोडणारा माणूस एवढ्यानं मोडत नसतो.

माझ्या साडूची नात अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिनं मागं फोन केला होता. तिकडं वैद्यकीय शाळांच्या सामाईक अर्जात हा प्रश्न उघडच विचारतात: कुठल्याही कॉलेजने अभ्यासातल्या कामगिरीवरून किंवा वागण्यावरून कधी तुमच्यावर कारवाई केली का? ती कारवाई नोंदीतून पुसून टाकली असली तरी सांगायची. लिहायला जागा १३२५ अक्षरांची. अर्ज दिल्यानंतर काही घडलं तर दहा कामकाजाच्या दिवसांत कळवायचं. तिला पहिल्या वर्षी खोलीतल्या गोंधळाबद्दल लेखी ताकीद मिळाली होती. ती रडत होती, म्हणाली, “आजोबा, एवढ्याशा गोष्टीनं माझं सगळं जाईल.” मी तिला तेच सांगितलं जे धारूरच्या पोराला सांगायला हवं होतं. तिनं पाच ओळी लिहिल्या. मुलाखतीला त्यावर एकच प्रश्न आला, त्याचं तिनं उत्तर दिलं, आणि विषय पुढं गेला.

या वर्षीची गोष्ट सांगतो. केज तालुक्यातली एक मुलगी, लातूरला राहून ‘नीट’ केली. गुण चांगले, अंबाजोगाईचं एसआरटी मिळेल अशी आशा. १९७४ सालचं हे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. इथं नंबर लागावा म्हणून आसपासच्या किती आया योगेश्वरीला ओटी बोलतात, ते देवीलाच ठाऊक. मुलीच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘समाधानकारक’ लिहिलं होतं. अकरावीत तिनं आणि आणखी दोघींनी वसतिगृहात एका नव्या मुलीला रात्रभर न्हाणीघरात कोंडलं होतं. महिनाभर वसतिगृहातून काढलं होतं. कुणीतरी तिला ‘चांगली’ असा नवा दाखला करून देतो म्हणालं होतं. तिनं तो माझ्यासमोर नाकारला. प्रतिज्ञापत्र आम्ही बोट ठेवून वाचलं, त्यातलं वाक्य तिच्या बाबतीत खरं होतं. तरी दाखल्याबद्दल विचारलंच तर हाताशी असावं म्हणून एक पानी खुलासा आणि आदेशाची प्रत फायलीत लावली. खुलाशात ‘आम्ही’ होतं, ते खोडून तिनं ‘मी’ केलं.

मग ओट्यावर बापाला बोलावलं. तिनं आदल्या रात्री त्याला सगळं सांगितलं होतं. मी म्हणलं, सही करायच्या आधी ऐकून घ्या, आणि तिनं आधी प्रतिज्ञापत्र, मग खुलासा मोठ्यानं वाचला. आवाज दोनदा अडला. बापानं सही केली, हळूहळू, एकेक अक्षर काढत. पेन माझ्या हातात देताना त्यानं पोरीला विचारलं, “ती कोंडलेली पोरगी कुठली व्हती?”

“गंगाखेडकडली.”

“तिचा बी निकाल लागला आसंल की आता.”

मुलगी काही बोलली नाही.

“नंबर हाय का तिचा?”

तिनं मान हलवली, मोबाईल घेतला आणि ओट्याच्या पायऱ्या उतरून लिंबाखाली गेली.